आजाराचं नाव

बाबा फोंड्याच्या कोर्टासमोर स्टॅम्पपेपर विकतात.
एक टेबल, एक छत्री, आणि शाईनं कायमचा निळा अंगठा.
माझ्या बॉन्डचा कागदही त्यांच्याकडूनच घेतला, पैसे मोजून.
रजिस्टरात माझं नाव त्यांनी
इतर गिऱ्हाइकांसारखंच लिहिलं
आणि म्हणाले, कागद शंभराचा.
आतला शब्द केवढ्याचा, ते तू बघ.

दुसऱ्या फेरीत बांबोळी मिळाली. भूलशास्त्र.
मागितलं होतं मीच, यादीत अकराव्या क्रमांकावर,
लग्नाच्या पंगतीत
नको असलेली भाजीही पानात वाढू देतो, तसं.

मग एका रात्री घाटावरून फोन आला.
कुणी सर. आवाज मऊ, वाक्याच्या शेवटी बेटा.
रेडिओलॉजीची एक जागा सुटणार आहे,
कागदावर काही नको, नुसतं हो म्हण.
तिकडचं सोड. आजारपणाचं सर्टिफिकेट दे.
त्यात काय, डॉक्टरच तर आहेस.

मी हो म्हटलं.
हे आधीच लिहून ठेवते,
कारण पुढचं वाचून वाटेल
की मी पहिल्यापासून शहाणी होते.

बाबांनी बॉन्डची रक्कम ऐकली
आणि न बोलता
खांडोळ्याच्या प्लॉटचे कागद कपाटातून काढले.
आई म्हणाली, देवळात कौल लावू या.
तेव्हा ते बोलले:
कौल हिनं लावलाय, मशीनला. पाकळी पडली.
आता मनासारखी पडेपर्यंत विचारत बसायचं,
तर देवाला तरी कशाला तसदी?
प्लॉटचे कागद मात्र टेबलावरच राहू दिले.

हॉस्टेलवर सर्टिफिकेट लिहायला बसले.
नाव. वय. पुढे: निदान.

कावीळ लिहिली.
तर सहा नंबरच्या कॉटवरचा मिंगेल आठवला, बेतुलचा,
हळदीचे डोळे, आणि डब्यातून पेज आणणारी बायको.
खोडली.
मणका लिहिला.
तर खाणीवरचा ट्रक चालवणारा सुकडो,
ज्याला वाकून चप्पल घालता येत नाही
आणि हे मालकाला सांगता येत नाही.
खोडला.
डिप्रेशन लिहिणार होते.
वरच्या मजल्यावरची सीनियर
तीन आठवडे अंघोळीशिवाय ड्युटीवर येत होती,
आणि रजा तिनंही मागितली नव्हती.
पेन थांबलं.
सगळे आजार कुणाकुणाचे होते.
एकही मोकळा नव्हता.

यादीत माझ्या खाली काणकोणची वेळीप होती.
तिला भूलशास्त्रच हवं होतं, पहिल्या क्रमांकावर.
मी गेले असते तरी तिला मिळालं नसतं;
फेऱ्या संपल्या होत्या,
खुर्ची तीन वर्षं रिकामी राहिली असती,
नुसती, पंख्याखाली.
आता ती गावच्या आरोग्य केंद्रातून
रात्री-अपरात्री केस पाठवते.
फोनवर आधी बीपी सांगते, मग नाव,
आणि ठेवताना दरवेळी थँक्यू डॉक्टर म्हणते.
मला काय म्हणावं ते सुचत नाही.

सकाळी सरांना फोन करून नाही म्हटलं.
ते बेटा म्हणाले नाहीत.

चार महिने झाले. सुखात आहे असं नाही.
एक्सरेच्या अंधाऱ्या खोलीवरून जाताना
अजून पाय रेंगाळतात.
बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
प्लॉटचे कागद एक दिवस परत कपाटात गेले.

आज टेबलावर शिरोड्याची एक म्हातारी.
बांगड्या निघेनात म्हणून चिकटपट्टीनं झाकलेल्या.
मास्क लावण्याआधी तिनं माझं मनगट धरलं,
‘तूं हांगाच आसतलें न्हय गो?’
हांगाच, म्हटलं.
ना कागद, ना साक्षीदार.
ती आकडे मोजू लागली, सातावर थांबली.

दोन तास चाळीस मिनिटं.
मधे लघवीला लागली होती.
उठले नाही.